डावा हात वर केला की

डॉक्टर महानंदाबाईंच्या दवाखान्यात रोज सकाळी एक अंडं यायचं, आणि ते मी आणायची. कापडी पिशवीत, पेपरात गुंडाळून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून. बाई लिंगायत, माहेर उदगीरकडचं, गळ्यात पदराआड चांदीच्या डबीतलं लिंग. त्यांच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. लातूरच्या त्या गल्लीत दवाखाना वर आणि खाली त्यांच्याच नात्यातल्या एका काकांचं किराणा दुकान. काका पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी डोळ्यांनी तपासायचे. एक दिवस माझी कोथिंबीर घसरली.

"काय गं रेणुका, अंडं? महानंदाच्या दवाखान्यात?"

मी कोथिंबीर परत वर ओढली. तेवढ्यात जिन्यातून बाईंचा आवाज आला, "दातासाठी आहे काका, पोटासाठी न्हाई. वर या, दाखवते."

काका आले. बाईंनी त्यांच्या नाकावर जाड चष्मा चढवला, मला दिला, स्वतः घातला. अंडं एका वाटीत कापसावर बसवलं, हातात दात कोरायच्या लेसरचा दांडा धरला आणि पायाखालचं पेडल दाबलं. टक् टक् टक्. ज्वारीच्या लाह्या फुटतात तसा आवाज. पाण्याचा बारीक फवारा उडत होता आणि त्याबरोबर कवचाची पांढरी भुकटी. थोड्या वेळानं कवचाला चार आण्याच्या नाण्याएवढी खिडकी पडली. खाली पातळ पापुद्रा तसाच, आत अंडं हलतंय, एक थेंब बाहेर नाही.

"बघा. कवच गेलं, पापुद्रा राहिला. दातातलं किडलेलं जावं, चांगलं राहावं, इतका हात हलका पाहिजे. त्याचा रोज सराव करते."

काकांनी बराच वेळ पाहिलं. "हाव, ते खरं. पण हे भोपळ्यावर न्हाई का होत?"

"भोपळ्याला पापुद्रा दाखवा, उद्यापासून भोपळा आणते."

त्यानंतर काकांनी माझी पिशवी तपासली नाही. उलट एखाद्या दिवशी मला उशीर झाला तर तेच विचारायचे, "आज सराव न्हाई का?"

सराव झाल्यावर त्या खिडकीवर पट्टी चिकटवून अंडं मी घरी न्यायची. माझा मुलगा त्याला खिडकीचं अंडं म्हणायचा. त्याच्या आम्लेटला वेगळी चव असते, असं त्याचं म्हणणं.

मी माहूरची. गडाच्या पायऱ्यांपाशी आईचं तांबुलाचं दुकान. देवीच्या प्रसादाला पान, सुपारी, बडीशेप, गुलकंद खलात कुटायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सातवीत होते. शाळा तिथंच सुटली. लग्न होऊन लातूरला आले, नवरा डाळ मिलच्या ट्रकवर. माहूरहून नांदेड आणि नांदेडहून लातूर, एसटीत अख्खा दिवस जातो. इथं आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. बँकेची, लिफ्टची, फॉर्मवर सही कुठं करायची त्याची.

बाईंकडे पहिल्यांदा गेले ती पेशंट म्हणून. दाढ ठणकत होती. तोंडावर पदर होता, पण तो दाढेसाठी नव्हता. माझे दात लहानपणापासून तपकिरी, त्यांवर रेघा. सासरी सगळे म्हणायचे, हिचे दात सडके. म्हणून हसायचं ते पदराआड. बाईंनी आरसा घालून एकेक दात पाहिला. मग विचारलं, "लहानपणी पाणी कुठलं प्यायचात?"

"हापशाचं."

"तुमच्या आळीत सगळ्यांचेच असे का दात?"

"बऱ्याच जणांचे."

"मग हे सडके न्हाईत. हे पाण्याचे डाग आहेत. तुमच्या जमिनीतलं पाणीच तसलं. किडलेली एकच आहे, मागची दाढ. बाकीचे दात माझ्यापेक्षा पक्के."

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी येताना तोंडावर पदर नव्हता, हे मला चौकात आल्यावर कळलं.

महिन्याभरात त्यांच्याकडची बाई काम सोडून गेली आणि त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, माझी फक्त सातवी झाली. त्या म्हणाल्या, "वाचता येतं ना? हात स्वच्छ ठेवता येतात ना? मग या सोमवारपासून."

बाई सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. मला रेणुकाबाई. पाच वर्षांचं पोर आईच्या कडेवरून रडत आलं तरी, "या साहेब, बसा. काय तकलीफ आहे?" साहेब रडायचं थांबवून आपल्यामागे कोण आलं ते वळून पाहायचे. काम करताना त्यांच्या तोंडून कानडी यायचं. "स्वल्प, स्वल्प, आणखी स्वल्प, झालं." स्वल्प म्हणजे थोडं. बाईंचं स्वल्प कधी लवकर संपायचं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. मी माहूरहून तांबूल आणला की त्या हातावर घेऊन आधी डोळ्यांना लावायच्या, खायच्या, आणि लगेच उठून बेसिनशी जाऊन खळखळून चूळ भरायच्या. "प्रसाद नाकारायचा न्हाई. पण गुलकंद दातात ठेवायचा असं देवी कुठं म्हणाली?"

लेसरचं मशीन आलं तेव्हा बाईंची साठी जवळ आली होती. हैदराबादला जाऊन, त्यांच्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरांसोबत बाकावर बसून त्या ते शिकून आल्या. मशीन यायच्या आदल्या दिवशी त्यांनी खोलीतला आरसा उतरवला आणि काचेच्या चौकटीतला देवाचा फोटोही. "काचेवरून किरण उसळतो. डोळ्यात गेला तर डोळा जाईल. देवाला पलीकडच्या खोलीत बसवू, तिथून बी दिसतं त्याला." दारावर पाटी लागली, आणि चष्म्याशिवाय आत कुणी नाही हा नियम झाला. फेटेवाले आजोबा, बाळंतीण, काखेतलं बाळ, सगळे चष्मा घालून. एका आजोबांनी चष्मा घातल्यावर बाहेर बसलेल्या म्हातारीला हाक मारून विचारलं होतं, "कसा दिसून राहिलो?"

लोकांना वाटायचं, लेसर म्हणजे जादू. मोंढ्यातले एक धान्याचे व्यापारी आले, गळ्यात जाड साखळी. "बाई, आपलं सगळं मोठ्या मशीनवर करा. खर्चाची फिकर करू नका." बाईंनी तोंडात पाहिलं. "तुमच्या दाढेत जुनं चांदीचं सिमेंट आहे. त्याच्यावर लेसर चालवायचा न्हाई. हे साध्या मशीननं काढावं लागतं." व्यापाऱ्यांचा चेहरा पडला. "म्हणजे आपल्याला साधं मशीन?" "दातानं मागितलं ते देते साहेब. तुम्ही मागितलं ते न्हाई."

पण बाईंचं खरं वाक्य दुसरं होतं. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला त्या ते सांगायच्या, शब्द न बदलता. "दुखणार न्हाई असं मी म्हणत न्हाई. दुखलं तर थांबेन असं म्हणते. डावा हात वर करा, मी थांबते." डावा, कारण उजवीकडे त्या बसलेल्या, त्यांच्या हाताला धक्का नको. लेसरला बहुतेकांना सुई लागायची नाही, घरघर नाही, हाडात जाणारी थरथर नाही. तरी एखाद्याला कळ यायचीच. बाईंची नजर दातात, म्हणून तो हात बघायचं काम माझं. मी डावीकडे स्टुलावर बसायची. हात उठला की म्हणायची, "थांबा बाई," आणि त्यांचा पाय पेडलवरून निघालेला असायचा.

पोरं परीक्षा घ्यायची. एका पोरानं दहा वेळा हात वर केला, दहाही वेळा दुखत नव्हतं. बाई दहा वेळा थांबल्या. त्याचा बाप वैतागला, "बाई, नाटकं करून राहिलंय ते. लावा दोन." बाई म्हणाल्या, "तुम्ही चष्मा काढा आणि बाहेर बसा." अकराव्यांदा हात वर गेला नाही. पोरगं शांत पडून राहिलं आणि दाढ भरून झाली. मला विचाराल तर त्याचं औषध ते दहा वेळा थांबणंच होतं.

भोकरकडची एक आजी लेकीकडे आली होती, तिची गोष्ट मला विसरता येत नाही. दाढेत खड्डा, जेवण होत नव्हतं. तिच्या गावाकडे दाताला कीड लागली की रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायची, मग तोंडातून किडे पडतात असा समज. आजीनं तीनदा धुरी घेतली होती. बाईंनी लेसरनं खड्डा साफ केला. आजीनं एकदाही हात उचलला नाही. उठून बसली, चूळ भरली आणि पदर सावरून विचारलं, "कुठं हाय?"

"काय आजी?"

"किडा. काढला ना? दाव की."

"किडा नसतो आजी. जेवणाचं दातात राहतं, त्याचं आंबट पाणी होतं, ते दात खातं. खड्डा होता, तो साफ केला."

"आमच्या गावची बाई धुरी देऊन वाटीत किडे दावती. तू एवढं मोठं मशीन लावलं अन् एक किडा बी न्हाई?" आजी लेकीकडे वळली. "चल गं. फसवून राहिलेत."

मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आजीला पुन्हा बसवलं, हातात छोटा आरसा दिला, दिवा वळवला. "बघा, ही पलीकडची दाढ. तिथं काळं दिसतं? आता ही, जिथं मी काम केलं. काळं आहे का?"

आजीनं बराच वेळ पाहिलं. "न्हाई. पांढरं हाय. लेकराच्या दातावानी."

"मग किडा कुठंही गेला असो, घर तर खाली केलं ना?"

आजीनं आरसा परत दिला. मग म्हणाली, "बुजव मग लवकर. परत येईल मुडदा." बाईंनी पांढरं सिमेंट भरलं, निळ्या उजेडानं घट्ट केलं. आजी जाताना म्हणाली, "बाई, तुझी धुरी चांगली हाय. डोळे झोंबत न्हाईत." बाईंनी मला नंतर सांगितलं, "तिच्यावर हसायचं न्हाई. दुखणं तिचं खरं होतं. त्याला नाव तेवढं तिनं आपल्या परीनं दिलं."

तीन वर्षं अशी गेली. मग दिवाळीनंतरची एक सकाळ. मी सराव झालेलं अंडं उचलायला गेले तर वाटीतला कापूस ओला आणि पिवळा. खिडकी पडली होती, पण पापुद्रा फाटला होता. बाई बेसिनशी हात धूत होत्या. मी कापूस टाकला, वाटी धुतली. होतं एखाद्या दिवशी.

चार दिवसांनी पुन्हा. मग दिवसाआड. घरी मुलगा विचारायचा, "खिडकीचं अंडं?" मी सांगायची, आज सराव नव्हता. मग बाईंनी सकाळी दार लावून सराव करायला सुरुवात केली, आणि अंडं कचऱ्यात जायला लागलं. पण कचरा मीच टाकायची. एकदा चहा घेताना मी पाहिलं, कप बशीवर वाजत होता. बाईंनी बशी खाली ठेवली आणि कप दोन्ही हातांनी धरला.

मला भीती वाटायला लागली, आणि ती एक भीती नव्हती. लेसरचं टोक दातापासून जरा हललं तर हिरडीला लागेल, जिभेला लागेल. एखाद्या लेकराला लागलं तर? आणि बाई थांबल्या तर? दवाखाना बंद झाला तर माझ्यासारखीला दुसरं कोण स्टुलावर बसवील? ज्या बाईनं माझ्या तोंडावरचा पदर काढला, तिला मी कसं म्हणू की तुमचा हात आता चालत नाही? माहूरला आईला फोन केला. ती म्हणाली, "डॉक्टर आहेत त्या. त्यांना कळत न्हाई होय?" कळत होतं. म्हणून तर दार लावत होत्या. मी रोज स्टुलावर बसायची आणि पेशंटच्या हाताऐवजी बाईंचा हात बघायची.

मग नांदेडहून एक माणूस आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तिकडं एका दवाखान्यात साध्या मशीनच्या आवाजानं ती खुर्चीतून पळाली होती. कुणीतरी सांगितलं, लातूरला एक बाई आहेत, त्या थांबतात. बाईंनी तिला आपलं वाक्य सांगितलं. मुलीनं विचारलं, "खरंच थांबता?"

"कोणाचाही हात वर गेला की थांबते."

चष्मे चढले. बाईंनी दांडा आत नेला. टक् टक्. मुलगी स्थिर पडली होती, डावा हात मांडीवर, मूठ घट्ट. मी वर पाहिलं. बाईंचं मनगट हललं. दांड्याचं टोक दाढेवरून सरकून गालाकडे गेलं आणि परत आलं. फवाऱ्याचा आवाज बदलला. बाईंचा श्वास मला ऐकू येत होता. पुन्हा हललं.

"थांबा" म्हणायच्या आधीच माझा डावा हात वर गेला.

बाईंचा पाय पेडलवरून निघाला. त्यांनी आधी मुलीचा हात पाहिला. तो मांडीवरच होता. मग माझा पाहिला. चष्म्याआड त्यांचे डोळे कसे झाले ते मला दिसलं नाही.

बाईंनी दांडा जागेवर अडकवला. मुलीच्या तोंडात दिवा धरून गाल, जीभ, हिरडी सगळं पाहिलं. कुठं काही लागलं नव्हतं. मग मुलीला म्हणाल्या, "बाईसाहेब, स्वल्प बसा. आता तुमचं काम सना डॉक्टर करतील. माझ्यापेक्षा लहान आहेत, तुमच्याशी जमेल." सना मॅडम त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, पलीकडच्या खोलीत बसायच्या. त्यांनी ती दाढ पुरी केली. मुलीनं एकदा हात वर केला, त्या थांबल्या.

दोन दिवस बाई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी मनात सामान बांधून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट नसताना, त्यांनी मला समोर बसवलं.

"अंडी फुटून राहिलीत हे तुम्हाला केव्हापासून ठाऊक?"

"दिवाळीपासून."

"तुम्ही बोलला न्हाईत."

"तुम्ही बी न्हाई बोललात."

बाई हसल्या, म्हणजे ओठ तेवढे हलले. "मला वाटत होतं, अंड्यावर हलतो, दातावर न्हाई हलणार. दातावर मी जास्त सांभाळून असते. असं स्वतःला सांगत होते." मग म्हणाल्या, "त्या पोरीला मी काय म्हटलं होतं?"

"कोणाचाही हात."

"हाव. मग तुम्ही रडून का राहिलात?"

मी म्हटलं, "बाई, मला वाटलं तुम्ही मला काढाल."

"रेणुकाबाई, या खुर्चीत आजवर जेवढे बसले ते मी थांबते म्हणून बसले. तुम्ही हात वर केला नसता, तर मी खोटी पडले असते." त्यांनी हात टेबलावर ठेवला. तो हलत होता, आणि त्या दिवशी त्यांनी तो लपवला नाही.

सोलापूरला दाखवलं. कंपवाताची सुरुवात, असं कळलं. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून दांडा हातात घेतला नाही. दवाखाना सना मॅडम चालवायला लागल्या, आणि मला पेशंटजवळ तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरायला शिकवलं. माझं स्टूल मोकळं झालं. सोमवारी सकाळी आम्ही आत गेलो तर बाई चष्मा घालून त्याच्यावर बसलेल्या. सना मॅडम गोंधळल्या. "मॅडम, तुम्ही इथं?"

"कोणीतरी हात बघायला पाहिजे ना. डोळे ठीक आहेत माझे."

वर्षभर त्या रोज येऊन बसल्या. अंडं पुन्हा यायला लागलं, सना मॅडमच्या सरावासाठी, आणि मुलाला पुन्हा खिडकी मिळाली. पायरीवरचे काका म्हणायचे, "एवढी मोठी डॉक्टर, आता स्टुलावर?" बाई म्हणायच्या, "काका, तुम्ही जन्मभर पायरीवर बसलात, मी काही म्हटलं?"

मग पायही अडखळायला लागले आणि त्यांनी उदगीरला बहिणीकडे जायचं ठरवलं. जायच्या आदल्या आठवड्यात माझी दुसरी दाढ किडलेली निघाली. बाई म्हणाल्या, "मी असताना करून घ्या." मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं त्या खुर्चीशेजारी काढली, पण लेसर कधी माझ्या तोंडात आला नव्हता. सना मॅडमनी चष्मा चढवला. डावीकडे स्टुलावर बाई. त्यांचा हात मांडीवर थरथरत होता. नजर मात्र माझ्या डाव्या हातावर होती, आणि ती जराही हलत नव्हती.

बाईंनी वाक्य म्हटलं. सगळं, पहिल्यापासून, मी रोज ऐकलेलं. फक्त शेवटी "मी थांबते" ऐवजी "आम्ही थांबतो" म्हणाल्या.

टक् टक् टक्. लाह्या फुटत होत्या. गार पाणी, जरा मुंग्या, बस. दुखत नव्हतं. तरी मी डावा हात वर केला.

"थांब सना." हात पुरता उचललाही नव्हता. आवाज लगेच बंद झाला.

बाई वाकून माझ्याकडे बघत होत्या. "दुखतंय?"

मी मान हलवली, नाही.

"मग?"

तोंडात नळी होती, पाणी होतं. पुढच्या आठवड्यात हे स्टूल रिकामं असेल, हे मला सांगता आलं नाही. बाईंना काय कळलं कोण जाणे, त्या स्टुलावर नीट मागे बसल्या.

"बरं. घ्या दम. आम्ही थांबलोय."